दिवस पाळावे की न पाळावे?

(अभ्यासपाठ. वाचनासाठी शास्त्रभाग: रोमकरांस पत्र १४:१-१२)

डिसेंबर महिना जवळ आला की आपल्या मंडळ्यांतून एक जुना प्रश्न पुन्हा डोके वर काढतो. एका ख्रिस्ती घरी करंज्या-चकल्यांची तयारी चाललेली असते, दारावर कागदी तारा लागलेला असतो. शेजारच्या ख्रिस्ती घरी मात्र ह्यांपैकी काहीच नसते. कारण प्रभूचा जन्मदिवस पाळण्याची आज्ञा पवित्र शास्त्रात कोठेही नाही, असे त्या कुटुंबाचे प्रामाणिक मत असते. तिसरे कुटुंब शनिवारी उपासनेस जाते व चौथी आज्ञा अद्याप रद्द झालेली नाही असे सांगते. इस्पितळात काम करणारी एखादी परिचारिका पुनरुत्थानाच्या रविवारी कामावर हजर राहते आणि पुढच्या रविवारी मंडळीतील कोणीतरी तिला विचारते, "ईस्टरलासुद्धा आला नाहीत?" त्या प्रश्नाने ती दुखावते.

ह्या चौघांपैकी चूक कोणाची? ख्रिस्ती मनुष्यावर विशिष्ट दिवस पाळण्याचे बंधन आहे काय? पुष्कळ घरांत ह्या प्रश्नावरून भावाभावांचे बोलणे थांबले आहे. म्हणून पवित्र शास्त्र व मंडळीचा इतिहास ह्याविषयी काय सांगतात, ते आपण क्रमाने पाहू या.

१. जुन्या करारातील दिवस

लेवीय २३ व्या अध्यायात इस्राएलाचे नेमलेले सण एकत्र सांगितले आहेत: साप्ताहिक शब्बाथ, वल्हांडण व बेखमीर भाकरीचा सण, सप्ताहांचा सण, कर्णे वाजवण्याचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस आणि मांडवांचा सण. हे दिवस लोकांनी आपल्या सोयीने ठरवलेले नव्हते. देवाने केलेल्या महत्कृत्यांची आठवण पिढ्यान्‌पिढ्या राहावी म्हणून ते नियमशास्त्राने लावून दिले होते.

शब्बाथाच्या आज्ञेत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. अनुवाद ५:१४-१५ मध्ये ह्या आज्ञेचे कारण देताना मोशे दास व दासी ह्यांच्या विसाव्याचा उल्लेख करतो आणि इस्राएल स्वतः मिसर देशात दास होते ह्याची आठवण करून देतो. म्हणजे हा दिवस जसा देवाचा होता, तसाच तो राबणाऱ्या माणसाचाही होता.

पुढच्या काळात इस्राएलाने दोन सण स्वतःहून सुरू केले. एस्तेरच्या पुस्तकातील पुरीम हा एक, आणि इ. स. पूर्व १६४ मध्ये मक्काबी वीरांनी मंदिर शुद्ध केले त्याच्या आठवणीचा पुनःसमर्पणाचा सण हा दुसरा. मोशेच्या नियमशास्त्रात ह्या दोहोंपैकी एकही नाही. तरी ह्या दुसऱ्या सणाच्या वेळी प्रभू येशू मंदिराच्या आवारात फिरत होता, असे योहान १०:२२-२३ मध्ये आपण वाचतो. आज्ञा नसलेला सण म्हणून त्याने त्याचा निषेध केल्याचे आढळत नाही.

दुसऱ्या बाजूस, यशया १:१३-१४ आणि आमोस ५:२१ हेही आपण वाचले पाहिजे. तेथे ज्या सणांचा देवाला वीट आला आहे, ते त्याने स्वतः नेमून दिलेले सण होते. गरिबांवर अन्याय करणारे हात सणाच्या दिवशी वर उचललेले त्याला पाहवेनात. दिवस योग्य असला तरी तो पाळणारा योग्य असतोच असे नाही, हा धडा संदेष्ट्यांनी तेव्हाच दिला आहे.

२. प्रभू येशूचे उदाहरण

प्रभू येशू शब्बाथ दिवशी आपल्या परिपाठाप्रमाणे सभास्थानात जात असे (लूक ४:१६). तो वल्हांडणासाठी यरुशलेमेस गेला. त्याने दिवसांचा तिरस्कार केला नाही. परंतु अठरा वर्षे वाकलेल्या स्त्रीला त्याने शब्बाथ दिवशीच बरे केले आणि सभास्थानाच्या अधिकाऱ्याचा रोष पत्करला (लूक १३:१०-१७). शब्बाथ मनुष्याच्या हितासाठी झाला असून मनुष्याच्या पुत्राची सत्ता शब्बाथावरही आहे, हे त्याने मार्क २:२७-२८ मध्ये स्पष्ट केले. दिवसाचा धनी कोण, हे ह्या वचनांनी कायमचे ठरले आहे.

३. प्रेषितांची शिकवण

परराष्ट्रीय लोक ख्रिस्ताकडे वळू लागले, तेव्हा त्यांच्यावर नियमशास्त्राचे कोणते ओझे घालावे हा प्रश्न यरुशलेमेतील सभेपुढे आला. सभेने पाठवलेल्या पत्रात चार गोष्टी वर्ज्य करावयास सांगितल्या आहेत: मूर्तींना अर्पिलेले पदार्थ, रक्त, गुदमरून मारलेले प्राणी आणि जारकर्म (प्रे. कृत्ये १५:२९). शब्बाथ किंवा सण पाळण्याची अट त्या पत्रात नाही.

प्रेषित पौल ह्याविषयी तीन पत्रांत लिहितो. गलतीकरांस ४:९-११ मध्ये ते लोक दिवस, महिने, ऋतू व वर्षे पाळू लागले हे ऐकून आपले श्रम वाया गेले की काय, अशी भीती तो व्यक्त करतो. कलस्सैकरांस २:१६-१७ मध्ये सण, अमावास्या किंवा शब्बाथ ह्यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये, असे तो बजावतो. ह्या गोष्टी छायेसारख्या असून ती छाया जिची पडली होती ती वस्तू ख्रिस्ताच्या ठायी आहे, असे तो त्याचे कारण देतो. रोमकरांस १४:५-६ मध्ये मात्र त्याचा सूर निराळा आहे. एक जण एखादा दिवस विशेष मानतो, दुसरा सर्व दिवस सारखे मानतो; प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी आणि जे करावयाचे ते प्रभूसाठी करावे, एवढेच तो म्हणतो.

एकच प्रेषित एके ठिकाणी इतका कठोर व दुसऱ्या ठिकाणी इतका सौम्य का? ह्याचे उत्तर त्याच्याच आचरणात सापडते. त्याने तीमथ्याची सुंता करवली (प्रे. कृत्ये १६:३), परंतु तीताच्या सुंतेचा आग्रह धरला गेला तेव्हा तो घटकाभरही वश झाला नाही (गलती. २:३-५). तीमथ्याच्या बाबतीत प्रश्न सुवार्तेच्या सोयीचा होता. तीताच्या बाबतीत तारणाला अट घातली जात होती. दिवसांचेही तसेच आहे. पेन्टेकॉस्टच्या दिवशी शक्य झाल्यास यरुशलेमेत असावे म्हणून पौल स्वतः घाई करत होता (प्रे. कृत्ये २०:१६). तोच पौल गलतीयात मात्र दिवसांना विरोध करतो, कारण तेथे दिवस पाळल्यावाचून देवाच्या प्रजेत पूर्ण स्थान नाही असे शिकवले जात होते. रोम येथील विश्वासणाऱ्यांत तशी अट नव्हती, केवळ मतभेद होता. म्हणून तेथे त्याने दोन्ही बाजूंना जागा दिली.

रोमकरांस १४ मध्ये पौल दोन वेगवेगळ्या पापांची नावे घेतो, हेही लक्षात घ्यावे. जो मोकळीक घेतो त्याला दुसऱ्यास तुच्छ लेखण्याचा मोह होतो. जो नियम पाळतो त्याला दुसऱ्यास दोषी ठरवण्याचा मोह होतो (१४:३, १०). नाताळ न पाळणारा पाळणाऱ्याला अज्ञानी समजतो आणि पाळणारा न पाळणाऱ्याला अश्रद्ध समजतो. मतांची अदलाबदल झाली तरी पाप तेच राहते.

४. आठवड्याचा पहिला दिवस

मग रविवार कोठून आला? प्रभू आठवड्याच्या पहिल्या दिवशी उठला. त्रोवस येथील शिष्य त्या दिवशी भाकर मोडण्यास जमले होते (प्रे. कृत्ये २०:७). करिंथ येथील मंडळीला वर्गणीसाठी त्याच दिवशी काही बाजूस काढून ठेवण्यास सांगितले होते (१ करिंथ. १६:२). प्रकटीकरण १:१० मध्ये "प्रभूचा दिवस" असा शब्दप्रयोग येतो. ह्यांवरून प्रेषितांच्या काळीच हा दिवस मंडळीला प्रिय झाला होता असे दिसते. सुमारे १५५ साली रोम येथे जस्टिन मार्टरने लिहिलेल्या समर्थनपत्रात रविवारच्या उपासनेचे वर्णन आहे: शास्त्रवाचन, बोध, प्रार्थना, प्रभुभोजन व गरजूंसाठी दान.

परंतु त्या काळी रविवार सुट्टीचा दिवस नव्हता. बिथुनियाचा सुभेदार प्लिनी ह्याने सुमारे ११२ साली सम्राट ट्राजन ह्यास लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ती लोक ठरावीक दिवशी पहाट होण्यापूर्वी जमतात अशी नोंद केली आहे. त्रोवसची सभाही रात्रीच भरली होती आणि युतुख नावाचा तरुण झोपेने खिडकीतून खाली पडला होता. मंडळीत दास होते, मजूर होते. दिवस उजाडला की त्यांना कामावर जावे लागत असे. रविवारी न्यायालये व शहरांतील कामे बंद ठेवण्याचा हुकूम सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ साली काढला, आणि त्यातही शेतकऱ्यांना सूट होती. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षे ख्रिस्ती मंडळीने रविवारच्या सुट्टीवाचून प्रभूचा दिवस साजरा केला. ईस्टरच्या दिवशी रुग्णाच्या उशाशी उभी राहणारी परिचारिका, रविवारी गाडी चालवणारा रेल्वेचा चालक किंवा हॉटेलात राबणारा आचारी हे त्या पहिल्या मंडळीच्या अगदी जवळचे आहेत.

आपल्या प्रांतातील रविवारच्या सुट्टीचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना ही सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या दीर्घ चळवळीमुळे. लोखंडे हे महात्मा फुले ह्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. ज्या दिवशी आपण निवांतपणे उपासनेस जातो, त्या दिवसाचा विसावा गरिबांना मिळवून देण्यात ख्रिस्ती नसलेल्या माणसांचाही मोठा वाटा आहे, हे आपण कृतज्ञतेने स्मरावे.

५. ईस्टरच्या तारखेचा वाद

दिवसांवरून मंडळीत झालेला पहिला मोठा वाद पुनरुत्थानाच्या सणाविषयी होता. आशियातील मंडळ्या यहूदी वल्हांडणाच्या तारखेस, म्हणजे निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशी, हा सण पाळीत, मग वार कोणताही असो. रोम व इतर ठिकाणी तो रविवारीच पाळला जाई. स्मुर्णा येथील वयोवृद्ध अध्यक्ष पॉलिकार्प सुमारे १५५ साली रोमला गेले व तेथील अध्यक्ष अनिसेटस ह्यांच्याशी त्यांनी चर्चा केली. दोघांपैकी कोणीही आपली रीत सोडली नाही. तरी अनिसेटस ह्यांनी प्रभुभोजनविधी चालवण्याचा मान पॉलिकार्प ह्यांना दिला आणि दोघे शांतीने एकमेकांपासून निरोप घेऊन गेले.

सुमारे १९० साली रोमचे अध्यक्ष व्हिक्टर ह्यांनी मात्र आशियातील मंडळ्यांशी संबंध तोडण्याचा पवित्रा घेतला. तेव्हा लायन्सचे अध्यक्ष आयरेनियस ह्यांनी त्यांना पत्र लिहून पूर्वीच्या त्या भेटीची आठवण दिली. आयरेनियस स्वतः रविवारच्या पक्षाचे होते, हे येथे महत्त्वाचे आहे. स्वतःची रीत योग्य वाटत असूनही तिच्यासाठी भावाला तोडणे त्यांना मान्य नव्हते.

३२५ साली निकिया येथील परिषदेने सर्वांनी एकाच दिवशी ईस्टर पाळावा असे ठरवले. तरी पंचांगांच्या फरकामुळे पूर्वेकडील व पश्चिमेकडील बहुतेक मंडळ्यांचे ईस्टर आजही पुष्कळदा निरनिराळ्या रविवारी येते. निकिया परिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली त्या २०२५ साली ते २० एप्रिल रोजी एकत्र आले होते. तारखा जुळोत वा न जुळोत, थडगे रिकामे आहे ह्याविषयी दोहोंत मतभेद नाही.

६. मराठी मंडळीचा वारसा

आपल्यापैकी अनेकांना वाटते की नाताळ पाळणे हीच मराठी ख्रिस्ती लोकांची आरंभापासूनची एकमेव रीत आहे. इतिहास निराळे सांगतो. वसई व मुंबई परिसरातील कॅथलिक बांधव पोर्तुगीज काळापासून मंडळीच्या वर्षातील सण पाळत आले. परंतु १८१३ साली मुंबईत आलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतील होते. त्या प्रदेशातील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ साली नाताळ पाळणाऱ्यास दंड करण्याचा कायदा झाला होता. तो १६८१ साली रद्द झाला. १८२९ साली मुंबईत आलेले डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटलंडचे. तेथील सुधारलेल्या मंडळीने १५६० सालीच शास्त्रात आज्ञा नसलेले सण बंद केले होते, आणि स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ पर्यंत नव्हती. ह्या परंपरांत सणांना स्थान नव्हते, मात्र रविवार अत्यंत कडकपणे पाळला जाई. अँग्लिकन मिशनांनी आपल्याबरोबर आगमनकाळ, उपवासकाळ व संतांचे दिवस आणले.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारताची मंडळी (सी. एन. आय.) स्थापन झाली, तेव्हा ह्या वेगवेगळ्या परंपरांतील लोक एका मंडळीचे सभासद झाले. पंचांगावरून त्यांची एकी अडली नाही. ज्यांच्या आध्यात्मिक पूर्वजांनी नाताळ बंद केला आणि ज्यांच्या पूर्वजांनी तो जपला, त्यांची नातवंडे आज एकाच बाकावर बसून एकाच पुस्तकातून गातात.

७. मग आपण काय करावे?

पहिली गोष्ट: कोणताही दिवस तारणाची अट होऊ शकत नाही. रविवार, शनिवार, नाताळ, उत्तम शुक्रवार ह्यांपैकी कशानेही आपण नीतिमान ठरत नाही आणि ते चुकल्याने प्रभूपासून तुटत नाही. कॅथलिक मंडळीच्या १९८३ च्या धर्मसंहितेत रविवारी व ठरावीक सणांच्या दिवशी मिस्साबलिदानात भाग घेणे बंधनकारक आहे. परंतु आजारपण किंवा लहान मुलांची शुश्रूषा अशा गंभीर कारणाने जो येऊ शकत नाही, त्याला तीही मंडळी दोषी धरत नाही. शिस्त असावी, पण ती माणसाला चिरडणारी नसावी.

दुसरी गोष्ट: दिवस पाळण्याची मोकळीक म्हणजे एकत्र येणे सोडण्याची परवानगी नव्हे. इब्री. १०:२४-२५ मध्ये एकत्र मिळणे न सोडण्याचा स्पष्ट बोध आहे. सर्व दिवस सारखेच म्हणणाऱ्याने आपण कोणत्या दिवशी मंडळीत असतो, हे स्वतःला विचारावे. ज्याला रविवारी येणे शक्य नाही, त्याच्यासाठी मंडळीने दुसऱ्या वारी, सायंकाळी, घरगुती प्रार्थनासभा भरवावी. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ पूर्वी आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असे, म्हणून तेथे नोकरीस गेलेले अनेक भारतीय ख्रिस्ती शुक्रवारी उपासना करीत. त्यांच्या उपासनेत काही उणे होते असे कोण म्हणेल?

तिसरी गोष्ट: दिवसाला आपला धनी होऊ देऊ नये. शेजाऱ्यांच्या बरोबरीने नाताळ दिसावा म्हणून कर्ज काढणारी कुटुंबे आपल्यात आहेत. नवे कपडे, रोषणाई व फराळ ह्यांचे हप्ते जूनपर्यंत फेडावे लागत असतील, तर गोठ्यात जन्मलेल्या प्रभूच्या नावाने आपण कोणाची सेवा करीत आहोत? त्याचप्रमाणे अमावास्येला प्रवास टाळणारे किंवा लग्नाची तारीख ठरवताना गुपचूप मुहूर्त पाहणारे ख्रिस्ती लोकही आहेत. गलतीकरांना दिलेला इशारा त्यांनी स्वतःस लावून घ्यावा. सर्व दिवस ज्याने निर्मिले तो आपला पिता आहे. त्यांतील कोणत्याही दिवसाचे आपल्याला भय नाही.

चौथी गोष्ट: चौथ्या आज्ञेतील दासदासींचा विसावा विसरू नये. आपण रविवारी उपासनेस जातो, पण आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दिवस पगारी सुट्टी देतो काय? ज्याच्या घरी राबणाऱ्या माणसाला विसावा नाही, त्याने रविवार पाळला असे संदेष्टे म्हणणार नाहीत.

पाचवी गोष्ट: जो दिवस पाळावयाचा तो प्रभूसाठी पाळावा आणि न पाळावयाचा तोही प्रभूसाठीच. नाताळ साजरा करणाऱ्याने न करणाऱ्या भावाच्या घरी फराळाचे ताट प्रेमाने पाठवावे, आणि त्या भावाने ते उपकारस्तुती करून खावे. शनिवारी शब्बाथ पाळणाऱ्या ॲडव्हेंटिस्ट बांधवाशी वचनावरून चर्चा अवश्य करावी, परंतु त्याला भाऊ म्हणणे त्या चर्चेच्या निकालावर ठेवू नये. आणि ईस्टरला कामावर असलेल्या त्या परिचारिकेला "का आला नाहीत?" असे विचारण्यापेक्षा सायंकाळी तिच्या घरी जाऊन तिच्याबरोबर प्रार्थना करावी.

प्रिय वाचकहो, आपण प्रत्येक जण देवाच्या न्यायासनासमोर उभे राहणार आहोत, असे पौल ह्याच अध्यायात पुढे सांगतो (१४:१०-१२). तेथे प्रत्येकाला हिशेब द्यावयाचा आहे तो स्वतःचा. भावाच्या दिनदर्शिकेचा हिशेब आपल्याकडे मागितला जाणार नाही. ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला त्या भावाला एखाद्या दिवसावरून आपण दूर लोटले काय, हे मात्र आपणांस जरूर विचारले जाईल. तो प्रश्न येण्यापूर्वी, ज्याच्याशी बोलणे थांबले आहे त्याच्या दारी जाण्यास कोणताही दिवस योग्य आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. गलतीकरांस ४:९-११ व रोमकरांस १४:५-६ एकत्र वाचा. दिवसांविषयी पौलाचा सूर दोन ठिकाणी निराळा का आहे?

२. आपल्या मंडळीत कामामुळे रविवारी येऊ न शकणारे कोण आहेत? त्यांच्यासाठी काय व्यवस्था करता येईल?

३. आपल्या घरी सणाचा खर्च कोणत्या विचाराने ठरतो?

४. दुसऱ्यास तुच्छ लेखणे व दुसऱ्यास दोषी ठरवणे, ह्या दोहोंपैकी कोणता मोह आपणांस अधिक होतो?